बुरशीची भाकरी

“इख घातलंस तू तिला!” सरुबाईंनी मेलेली कोंबडी सुनेच्या पायाशी टाकली. “हिरव्या बटाट्यांची सालं चारलीस. अंड्यावर आलेली कोंबडी व्हती माझी. आणखी एक मेली, तर पिशवी भरायची आन् माहेरची वाट धरायची.”

मैनाने कोंबडी उचलून बाजूला ठेवली. लग्नाला आठ वर्षं झाली होती. न बोलणं तिला आता चांगलं जमत होतं.

खराडीतली शेतं जाऊन काचेच्या इमारती आल्या, तरी सरुबाईंच्या परड्यात कोंबड्या होत्या. कालपर्यंत अकरा, आज दहा. इमारतींतले लोक गावठी अंडी विचारत दारात येत. त्यामुळे घरात कोंबड्यांची बडदास्त मोठी होती.

दुपारी घरच्यांची जेवणं उरकली. मैना तेवढी जेवायची राहिली होती, रोजच्यासारखी. सरुबाईंनी सात वर्षांच्या नातीला उरल्यासुरल्या अन्नापुढे बसवलं.

“पमे, आजपासनं कोंबड्यांचं तू बघायचं. तुझ्या आईच्या डोक्यात काय शिरत नाय.”

मग एकेक जिन्नस उचलून त्या विचारू लागल्या. त्यांना शिकवायची हौस होती आणि पमीला शिकायची.

“भात?”

“चालतो.” भात कोंबड्यांच्या डब्यात पडला.

“कोथिंबिरीच्या काड्या?”

“चालतात.”

“लोणच्याचा खार?”

“नाही. मीठ बाधतं.”

“आन् ही?” भाकरीवर हिरवी बुरशी धरली होती.

“नाही, नाही! कोंबडी मरेल.”

“मग ही कुणाला?”

पमी क्षणभरही अडखळली नाही. “आईला.”

“शाबास!” सरुबाईंनी नखाने बुरशी खरवडली आणि भाकरी मैनाच्या ताटात टाकली.

मैनाने लेकीकडे पाहिलं. पमी हसत होती. वर्गात उत्तर बरोबर आलं की हसायची, तशीच.

मैना उठली. तिने ती भाकरी उचलली आणि चुलीत घातली.

“अगं, अन्न हाय ते!”

“कोंबडी मरती त्यानं, आत्याबाई. तुमीच सांगितलंत आत्ता.”

“माहेरी जायचंय काय तुला?”

“पिशवी कोनाड्यातच हाय. पन जेवून जाईन.”

तिने कोंबड्यांचा पत्र्याचा डबा पुढे ओढला. त्यातला भात आपल्या ताटात वाढून घेतला आणि सावकाश जेवू लागली. दहा कोंबड्या उंबऱ्याशी माना वाकड्या करून बघत राहिल्या. सरुबाईही.

“पमे,” घास गिळून मैना म्हणाली, “पुन्यांदा सांग. बुरशीची भाकरी कुणाला?”

पमीने आजीकडे पाहिलं. मग चुलीकडे. मग आईच्या ताटाकडे.

“कुणालाच नाही.”

“शाबास,” मैना म्हणाली.