एका नंबराचं दुसरं कार्ड

"साहेब, शहाबानोला तुमच्या घाईनं मारलं!" हॉस्पिटलचा डेटाबेस सांभाळणारा परेश तिच्या नवऱ्यासमोर, यूनुससमोरच ओरडला. डेटाबेसमधल्या पेशंटांच्या जुन्या टेबलात मोबाइलच्या शेवटच्या दहा आकड्यांवर 'युनिक' इंडेक्स होता. एका नंबरावर दुसरं कार्ड तो उघडूच द्यायचा नाही. टेबल नव्या सर्व्हरवर कॉपी केलं तेव्हा सगळे रकाने आले, तो इंडेक्स तेवढा मागेच राहिला. परेशनं सांगितलं, तर साहेब म्हणाले, "आधी नवा सर्व्हर चालू कर, ते सोमवारी बघू." रविवारी काउंटरवर कुणी नंबराआधी ९१ टाकलं, नंबर नवा वाटला आणि शहाबानोचं दुसरं, कोरं कार्ड उघडलं. 'पेनिसिलीन चालत नाही' हे जुन्या कार्डावरच राहिलं आणि तिला तेच इंजेक्शन दिलं गेलं.

साहेबांनी नव्या सर्व्हरच्या तपासणीचा कागद पुढे सरकवला. "'सगळं तपासलं', खाली सही तुझीच ना रे?"

परेशची मान खाली गेली.

"मालूम होतं ना तुम्हाला, परेशभाई?" यूनुसनं विचारलं. "मग सही का केली? बोला."