पायथ्याशी थांबलेली बाई

ती गोरी बाई गडावर चढलीच नाही.

बाकीची दोघं, साहेब आणि त्याची मॅडम, वाटाड्या वाल्मीकच्या मागोमाग रामशेजच्या पायऱ्यांकडे निघून गेली. ही मात्र भागुबाईच्या झोपडीसमोरच्या दगडावर बसून राहिली. गुडघ्याकडे बोट दाखवून तिने वाल्मीकला नाही म्हटलं होतं. पण भागुबाईने तिला जीपमधून उतरताना पाहिलं होतं. चांगली उडी मारून उतरली होती. गुडघ्याला काही झालेलं नव्हतं.

ही १९७८ सालची गोष्ट. गडाच्या पायथ्याशी भागुबाई दर रविवारी ताक आणि उकडलेल्या शेंगा विकायची. तिच्याजवळ तिची नात फुला खेळत असायची. फुलाची आई बाळंतपणातच गेली. बाप दुसरं लग्न करून पिंपळगावकडे गेला, तो परत फिरकला नाही. म्हातारीला नात आणि नातीला म्हातारी, एवढंच ते घर होतं.

वाल्मीक नाशिकचा. परदेशी पाहुण्यांना पांडवलेणी, त्र्यंबक, गडकिल्ले हिंडवून आणायचा. साहेब-मॅडमला घेऊन तो आधीही दोनदा आला होता. येताना ती दोघं फुलासाठी आठवणीने काहीतरी आणायची. आज फ्रॉक आणला होता. मॅडम फुलाचे केस विंचरत बसायची. भागुबाईला ती माणसं घरच्यासारखी वाटायला लागली होती.

ही तिसरी आजच दिसत होती. पंचेचाळिशीची, हाडापेराने दणकट. ‘पोलंडची आहे, शाळेत शिकवते. गड बघायचेत म्हणाली, म्हणून जीपमध्ये जागा दिली,’ असं वाल्मीक म्हणाला होता. गड बघायला आलेली बाई गडाकडे पाठ करून बसली होती आणि फुलावरची नजर हटवत नव्हती.

जीपचा ड्रायव्हर सावलीत विडी ओढत होता. भागुबाई त्याला म्हणाली, "ही लय टक लावून बघती रे पोरीकडं."

"आजी, ह्या लोकांचं काय सांगावं," ड्रायव्हर म्हणाला. "पोरं पळवतात म्हणे. लक्ष असू द्या."

बाईने चटकन मान दुसरीकडे फिरवली.

थोड्या वेळाने बाईने पिशवीतून एक रंगीत चित्र काढलं. लाकडी देऊळ, मागे तळं, तळ्यात होड्या, होड्यांत पोरं. तिने ते फुलासमोर धरलं. फुला सरकत सरकत तिच्या गुडघ्यापाशी जाऊन टेकली. भागुबाई उठली, पोरीचा दंड धरून तिला ओढत आणलं आणि पदराखाली घेतलं. बाईचे ओठ हलत होते, कसलासा मंत्र पुटपुटल्यासारखे.

गडावरची मंडळी उन्हं कलल्यावर उतरली. वाल्मीकने ताकाचा पेला रिकामा केला.

"आजी, साहेब म्हणतात, फुलाला गंगापूरचं धरण दाखवून आणू. दिवस बुडायच्या आत आणून सोडतो."

भागुबाईने पोलंडच्या बाईकडे पाहिलं. "हिच्याशेजारी नका बसवू पोरीला."

वाल्मीक हसला. "नाही हो. मॅडमच्या मांडीवर बसेल."

भागुबाईने फुलाचं तोंड पुसलं, नवा फ्रॉक घातला. फुला उड्या मारत जीपकडे गेली. तिने पाय वर टाकला आणि त्या बाईने धावत येऊन तिला कमरेला धरून मागे ओढलं. भागुबाई ओरडत धावली. तिने बाईच्या हातावर फटके मारले. हात सुटेना.

"मावशी, पोरगीला गाडीत बसवू नगासा."

कोण बोललं, ते भागुबाईला आधी कळलंच नाही. दक्षिणेकडची, कोल्हापूरकडची बोली होती ती. बाई एकेक शब्द आठवून बोलत होती.

"जर्मनाच्या लढाईत आमचं गाव सुटलं, आमाला रशियात न्हेलं, मग हितं आनलं. म्या ल्हानपनी कोल्हापूरला, वळिवड्याला पोलंडच्या लोकांच्या छावणीत व्हते. सकाळी ह्यो वाल्मीक डायवरला म्हनला, म्हातारी चार दिस रडंल आनि गप बसंल. ह्या दोघांस्नी सांगितलंय, पोरीला कुनीच न्हाई, तुमी निस्त्या सांभाळताय. पैसं घिऊन तिला ह्यांच्या देशाला धाडायची म्हनून आज ममईला न्हेनार हाईत."

"येडी आहे ती," वाल्मीक म्हणाला.

बाई वळून साहेब-मॅडमशी इंग्रजीत बोलली. मॅडमने भागुबाईकडे पाहिलं, फुलाकडे पाहिलं आणि ती तिथेच मातीत खाली बसली. साहेबाने वाल्मीकला काहीतरी विचारलं. तेवढ्यात ड्रायव्हरने गाडी चालू केली. वाल्मीक धावत्या जीपमध्ये चढला आणि जीप धुरळा उडवत पेठ रोडकडे गेली. तिन्ही पाहुणे मागेच राहिले.

भागुबाईने फुलाला उराशी घेतलं. मग ताकाचा पेला भरून त्या बाईसमोर धरला. बाईच्या हातावर फटक्यांचे वळ उठले होते.

"सकाळपासनं एवढं ठावं व्हतं, तर बोलली का नाय गं?"

"तीस वर्सं ही भाषा तोंडात न्हाई. वाटलं, म्या चुकीचं ऐकलं. म्हनून बघत बसले." बाईने पेला दोन्ही हातांत धरला, पण ओठाला लावला नाही. "रशियातनं येताना एका टेशनावर एक बाई माझ्या धाकट्या भनीला गाव दाखवून आनते म्हनून घेऊन गेली. माझ्याम्होरंच सगळं बोलत व्हती ती मानसं."

भागुबाई तिच्याजवळ बसली.

"तवा मला तिथली भाषा येत नव्हती, मावशी."