चालून दाखव

“चालून दाखव,” डॉक्टर म्हणाले.

शर्लिन उठली, भिंतीपर्यंत गेली, वळली आणि परत आली. सतरा वर्षांची, उंच, अर्नाळ्याच्या वाळूत खेळून काटक झालेली पोर. टेबलामागच्या तिन्ही डॉक्टरांनी तिची चाल पाहून घेतली.

“डोळ्यांनी नीट दिसतं?”

“दिसतं.”

“ऐकू येतं?”

“येतं म्हणून तर उत्तर देतेय, सर.”

तिच्या आईने, क्लेमेंटीनने, तिचा कुडता मागून ओढला. क्लेमेंटीन बाजारात मासळी विकायची. तिथे गिऱ्हाईक तिच्याशी वाद घालायला धजत नसे. पण या सरकारी दवाखान्यात, अपंगत्वाचे दाखले देतात त्या खोलीत, तिचा आवाज कुठे गेला होता कुणास ठाऊक. मुळात तिला यायचंच नव्हतं. शर्लिनला लहानपणापासून टाईप वन डायबेटीस आहे, जेवायच्या आधी दर वेळी इन्सुलिन टोचावं लागतं, हे तिने पाव्हण्यारावळ्यांना कधी कळू दिलं नव्हतं. कुणाच्या लग्नाला गेलं की ती पोरीला गुपचूप न्हाणीघरात न्यायची आणि कुणी विचारलं तर म्हणायची, केस नीट करतेय.

पण अकरावीच्या परीक्षेत बाईंनी शर्लिनचा डबा, ग्लुकोज, साखर तपासायचं मशीन, सगळं वर्गाबाहेर ठेवायला लावलं. पेपर लिहितालिहिता साखर उतरली आणि ती बाकावरून खाली कोसळली. बारावीला तरी सामान जवळ ठेवू द्या, थोडा वेळ वाढवून द्या, असं सांगायला गेल्यावर कॉलेजने दाखला मागितला. शर्लिनने स्वतःच अर्ज भरला, आणि तारीख आल्यावर आईला सांगितलं.

“हे बघा बाई,” मधले डॉक्टर म्हणाले, “मुलगी ठणठणीत आहे. आणि हा आजार कायद्याच्या यादीत नाही. उद्या याच्यामुळे डोळे गेले, किडनी गेली, तर या. तेव्हा अपंगत्वाचे टक्के देता येतील.”

“म्हणजे आंधळी होऊन येऊ?” शर्लिनने विचारलं.

“तसं नाही गं. पण आत्ता तर तू चांगली धडधाकट चालतेस.”

“पडायच्या आधी मी अशीच चालत असते, सर.”

डॉक्टरांनी चष्मा काढला. मग ते क्लेमेंटीनकडे वळले आणि घरच्या माणसासारखे समजुतीने बोलू लागले. “मुलीची जात आहे. आज ना उद्या लग्नाचं बघाल. कशाला तिच्यावर अपंग म्हणून शिक्का मारून घेता? घरातलं घरात ठेवा. कुणाला कळायची गरज काय?”

क्लेमेंटीनने मान वर केली. शब्द न् शब्द तिचाच होता. हेच ती इतकी वर्षं शर्लिनला सांगत आली होती, मायेने, काळजीने. परक्या माणसाच्या तोंडून ऐकताना मात्र तिची कानशिलं तापली. तिने शेजारी पाहिलं. शर्लिन खाली बघत होती. सकाळपासून पहिल्यांदाच.

“लिहून द्या,” क्लेमेंटीन म्हणाली.

“काय?”

“हेच. डोळे गेल्यावर या म्हनून. लिहून द्या, आनि खाली सही करा.”

“असं लिहून देत नसतात, बाई.”

“मग बोलता कसं? बोलायला होतं, लिहायला काय होतं?” बाजारातला आवाज आता पुरता परत आला होता. “माझी पोर भर वर्गात पडली. डोकं फुटलं असतं तर मी कोनाला विचारायचं? मी नाय उठनार. आज माझी मच्छी नाय विकली तरी चालंल.”

दारातल्या शिपायाने पुढचं नाव पुकारलं. क्लेमेंटीन हलली नाही. त्याने पुन्हा पुकारलं. तिने खुर्ची आणखी पुढे ओढली. शर्लिन उभी होती, ती येऊन आईला खेटून बसली.

कडेला बसलेल्या तरुण डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, “सर, नाकारलं तर कारण लेखी द्यावंच लागतं.”

डॉक्टरांनी नाखुशीने कागद ओढला. आजार यादीत नसल्याने अर्ज नामंजूर, असं लिहिलं. सही केली, शिक्का मारला.

“घ्या. पण याचा उपयोग काय?”

“अपील करता येतं,” शर्लिन म्हणाली.

“तिथेही हेच उत्तर मिळेल.”

“मिळू दे. तेही लेखी घेऊ.”

दोघी बाहेर आल्या. व्हरांड्यात बाकांवर माणसं दाटीवाटीने बसली होती. आतला आवाज सगळ्यांनी ऐकला होता. एक बाई सहासात वर्षांच्या मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. एवढ्या उकाड्यातही तिने मुलीचे दंड ओढणीने झाकले होते. ती क्लेमेंटीनकडे सरकली.

“ताई, तुमच्या मुलीला काय आहे हो?” तिने कुजबुजत विचारलं.

मुलीने चुळबुळ केली तशी ओढणी घसरली. दंडावर सुयांचे बारीक डाग होते. बाईने घाईघाईने ओढणी सारखी केली, पण क्लेमेंटीनने ते डाग पाहिले होते.

“डायबेटीस,” ती म्हणाली, अख्ख्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशी. “टाईप वन. लहानपनापासून.”

माना वळल्या. शर्लिनने चमकून आईकडे पाहिलं.

तेवढ्यात शिपायाने नाव पुकारलं. ती बाई दचकून उठली, मुलीला कडेवर घेतलं आणि दाराकडे बघत तशीच उभी राहिली.

“चला,” क्लेमेंटीन म्हणाली. “आमी बी येतो आत.”