शेजारच्या खाटेची पिशवी

डॉक्टरांनी पुन्हा समजावून सांगितलं, तरी अक्कांच्या मनातली पाल चुकचुकायची थांबेना. रोग्यांच्या नाकातल्या नळीतून पोटात जाणारं अन्न दोन तऱ्हेचं होतं, एक नेहमीचं आणि एक जास्त ताकदीचं. कुठल्यानं रोगी लवकर सुधारतो, याचा इस्पितळात अभ्यास चालला होता; कोणाला कुठलं, ते म्हणे तो संपेपर्यंत डॉक्टरांनाही कळणार नव्हतं.

"पण त्यातलं चांगलं कुठलं?" अक्कांनी विचारलं.

"ते ठाऊक असतं, तर सगळ्यांना तेच दिलं नसतं का?" डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या खोलीत गेले.

वाढणाऱ्यालाच ठाऊक नाही काय वाढतोय, असं कधी असतं का? कुठेतरी पाणी मुरत होतं. शेजारच्या खाटेवरचे म्हातारबुवा कालपासून उशीला टेकून बसत होते. अक्कांचा धाकटा भाऊ मात्र डोळे उघडायला तयार नव्हता. त्याच्या गालांची हाडं वर आली होती.

नर्सनं दोन्ही खाटांच्या मधे ट्रॉली आणून लावली. तिच्यावर दोन दुधाळ पिशव्या, अगदी जुळ्या. फरक एवढाच, की प्रत्येकीला खाटेच्या नंबराची चिठ्ठी दोऱ्यानं अडकवलेली. नर्स हात धुवायला गेली, तिकडेच तिला कुणीतरी हाक मारली. म्हाताऱ्यांची सून फोनवर बोलत बाहेर गेलेली. अक्कांनी भावाकडे एकदा बघितलं आणि चिठ्ठ्यांची अदलाबदल केली.

मग मात्र त्यांच्या मनात आलं, म्हाताऱ्यांना काही झालं तर? ती बिचारी सून रोज आपल्यातला अर्धा चहा अक्कांना द्यायची. अक्का व्हरांड्यात गेल्या, दोन घोट पाणी घशाखाली ढकललं आणि चिठ्ठ्या होत्या तशा लावून टाकायच्या, असं ठरवून परत आल्या.

दारातच थबकल्या. सून ट्रॉलीवर वाकली होती. दोन्ही चिठ्ठ्या तिच्या हातात होत्या.

"काय करतेस गं?"

तिचा चेहरा पांढराफटक पडला. "अक्का, पाया पडते, कुणाला सांगू नका. तुमचा भाऊ कसा शांत निजतो! आमचे बाबा सारखे पोट धरून कण्हतात. चांगलं ते तुमच्याकडेच जातंय. एक दिवस आम्हाला मिळू दे." बोलता बोलता तिनं चिठ्ठ्या बदलून अडकवल्यासुद्धा.

म्हणजे ज्याची पिशवी त्याच्याकडे परत आली होती. अक्का तसं सांगणारही होत्या, पण मग स्वतःची चोरीही सांगावी लागली असती.

नर्स हात पुसत आली. "पिशव्यांना कोणी हात नाही ना लावला?"

"नाही," दोघी एकदमच म्हणाल्या.

नर्सनं नंबर बघून पिशव्या टांगल्या, नळ्या जोडल्या. थेंब पडू लागले.

"बघा ना अक्का," थोड्या वेळानं सून हळूच म्हणाली, "बाबांना लगेच फरक पडला."

अक्कांनी मान वळवली. म्हातारबुवा खरोखरच कण्हायचे थांबले होते. पिशवी त्यांची त्यांनाच लागली आहे, हे एकट्या अक्कांना ठाऊक होतं. तरीही त्या भावाच्या पिशवीकडे संशयानं बघू लागल्या.