अ‍ॅम्ब्रोजला पडलेली मतं

"या एका खेपेला अ‍ॅम्ब्रोजला मत देऊ नकोस, विनी," तिच्या अंगणात आपल्या पक्षाची पाटी ठोकत लोर्न म्हणाला. "तो काही निवडून येत नाही, नुसती आमची मतं खातो. आम्हाला येऊ दे, आधी ही निवडणुकीची पद्धतच बदलतो. ज्या पक्षाला जेवढी मतं, त्याला तेवढ्या जागा. मग पुढच्या वेळी दे की भावाला, खुशाल."

अ‍ॅम्ब्रोजचा पक्ष चिमुकला. हीच मागणी घेऊन तो दर निवडणुकीला उभा राहायचा आणि पडायचा. निदान त्याची मागणी तरी पुरी होईल, म्हणून विनीनं मत लोर्नला दिलं. आमच्या बेटावर अंगणातली पाटी सगळा गाव वाचतो. अ‍ॅम्ब्रोजनंही वाचली, आणि रविवारी बहिणीकडे चहाला येणं बंद केलं.

लोर्न जिंकला, मंत्री झाला. दोन वर्षं होत आली तरी त्या विषयाचं नाव निघेना. शेवटी चर्चच्या लॉबस्टरच्या जेवणात विनीनं त्याला गाठलं.

"पद्धत कधी बदलतोयस, लोर्न?"

"लोकांनाच नको आहे गं ते," लॉबस्टरची नांगी फोडून लोण्यात बुडवत लोर्न म्हणाला. "तुझा अ‍ॅम्ब्रोज जन्मभर तेच मागत आला. गेल्या खेपेला त्याला मतं किती पडली, बघितलीस ना? सख्ख्या बहिणीनंसुद्धा दिलं नाही त्याला."