विड्याखालचे पैसे

"गणपती अजून उघडे पडले आसत, आणि हे भुतांका रंग लायत बसलेत."

बाबलीची बायको चंद्रावती हे कुडाच्या भिंतीपलीकडे चुलीला सांगत होती; पण क्षमाचं स्टूल नेमकं त्याच भिंतीला टेकलेलं. ऐकू जावं म्हणून बोलली, की ऐकू जाणार नाही असं समजून, ते काही क्षमाला ठरवता येईना. तिने पदर सावरला आणि ऐकलं नाही असं केलं.

मुळगावातली ही बाबलीची चित्रशाळा. चवथ तोंडावर आलेली. फळ्यांवर मातीच्या मूर्ती दाटीवाटीने बसलेल्या, काही पितांबर नेसलेल्या, काही अजून पांढऱ्याफटक. त्यांच्या मधोमध क्षमाच्या धाकट्या भावाने, प्रज्योतने, छापखान्याकडून आलेली नमुन्याची प्रत प्लास्टिकमधून काढून ठेवली.

पुस्तक खेळाचं होतं. टेबलाभोवती बसायचं, एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातली माणसं व्हायचं, आणि पुढे काय होणार हे अडलं की फासे टाकायचे. शिक्षिका असलेल्या क्षमाने कित्येक वर्षं शाळेच्या सुट्ट्या त्यात घातल्या होत्या. इब्रामपूरचं रान आणि त्यातली भुतं, हिरव्या पाण्याने भरलेली बंद खाण, वेशीवर काठी-घोंगडीवाला राखणदार. शब्द सगळे तिचे. पण पानं उलटताना हात थांबायचा तो बाबलीच्या चित्रांपाशी. आणि चित्रं साठाच्या घरात, एकूण एक रंगीत.

बाबलीने हात धुतले, पंच्याला पुसले आणि दोन बोटांनी पान उलटलं.

"तांबडो जरा काळो पडलो," तो म्हणाला. "खाणीची माती अशी नसता."

"तां सांगतलंय तेंका," प्रज्योत म्हणाला. खाणी बंद झाल्यापासून त्याच्या दोन टिपर ट्रकांतला एकच उरला होता, आणि रिकामा वेळ त्याने बहिणीच्या पुस्तकाला दिला होता. हिशेबात तो पक्का. "बाबलीदा, तुका सांगतंय, रंगीत छापणां म्हणजे हत्ती पोसणां. तीनशे प्रती काढल्यो तर एकेक प्रत हजाराच्या वर जाता. पाचशे काढल्यो तर सातशेक पडता. हजार काढल्यो तर आणखी स्वस्त, पण त्यो ठेवतलों खंय, गोठ्यात? म्हणान पाचशेच."

बाबली हसला. पुस्तक बाजूला ठेवून तो पुढ्यातल्या मूर्तीचे डोळे आखायला बसला होता.

"किंमत लायली पंधराशे," प्रज्योत म्हणाला. "दुकानदार चाळीस टक्के कापता. कागद जड, तेवा कुरियरवालो वजनार मागता. सगळां वजा करून प्रतीमागे शंभर उरतत. शंभर तर शंभर, पण उरतत."

"आणि काळां-पांढरां काढलां तर?" क्षमाने विचारलं.

"मगे कोण घेतलो? पुण्या-बेंगळुराची पोरां भायली चकचकीत पुस्तकां बघून बसली आसत. तीं रंगाचेच पैशे देतत." प्रज्योतने घड्याळ बघितलं. "सांजेपर्यंत हय म्हणान कळवूक होयां. ताय, कर गो फोन."

क्षमाने फोन हातात घेतला.

इथे कुणी कधी भाव विचारत नसे. नागपंचमीला घरचा पाट आणून द्यायचा, चवथीला त्यावर बसलेला देव घेऊन जायचा, आणि जाताना पानाचा विडा ठेवायचा. विड्याखाली काय ते देणाऱ्याला ठाऊक. बाबली तो कपाळाला लावी आणि माणसं पाणंदीच्या वळणाआड गेली की मगच खालचे पैसे उचली. देवाची किंमत करायची नसते. क्षमाच्या आजोबांपासून हेच चालत आलेलं. म्हणून पहिलं चित्र घ्यायला आली तेव्हाही तिने विडा ठेवला, वर नारळ. दुसऱ्या चित्राला तसंच. पुढे पुढे नुसता नारळ. चंद्रावतीने ते सगळे नारळ खवले, आणि क्षमा आली की त्याच खोबऱ्याचे पातोळे तिच्यापुढे केले.

"आणि दिवाळीपासून दुसऱ्या भागाची चित्रां घेवया हां, बाबलीदा," प्रज्योत म्हणाला.

"घेवया," बाबली म्हणाला. कुंचल्याची रेघ हलली नाही.

छापखान्याचा नंबर समोर होता. एक बोट टेकवायचं, की पुस्तक यंत्रावर चढणार. मुखपृष्ठावर तिचं नाव. सगळ्या रंगांत.

"प्रज्योत," क्षमा म्हणाली, "त्या शंभरात बाबलीदाची चित्रां खंय धरलंस?"

"तीं कित्या धरूक होयीं?" प्रज्योतला हसू आलं. "बाबलीदा घरचोच नाय काय?"

"घरचो."

"मगे?"

"तेचे पैशे धरून बघ."

प्रज्योतने धरून बघितलं असावं, कारण त्याचं हसू राहिलं नाही. कदाचित आज नव्हे, आधीच कधीतरी बघितलं असावं.

"ताय, आता फोन करूच्या वेळार..."

"आमचां पुस्तक उभां रवता," क्षमा म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला, "तां आम्ही बाबलीदाक कायच दिलां नाय म्हणान. दिलां असतां तर तां निघाकच नसतां."

भिंतीपलीकडचं चुलीत फुंकणं थांबलं. तिने फोन उपडा ठेवला आणि बाबलीकडे वळली.

"बाबलीदा, एका चित्राचे किती?"

बाबलीने डोळ्याची रेघ कोपऱ्यापर्यंत नेली, श्वास सोडला, आणि मगच कुंचला उचलला.

"दोन हजार," तो मूर्तीकडे बघत म्हणाला. "पयल्या दिसा इचारलां असतंस, तर पंधराशे सांगितले असते."