बुधाजींचा डावा पाय

"चप्पल कुठाय?" दारातूनच अनुजाने विचारलं.

बुधाजींनी दोन्ही पाय खाटेखाली ओढून घेतले. "आत्ताच काढली, सिस्टर. हिने दिवा लावला ना."

लालबागच्या चाळीतली ती एकच खोली. देव्हारा भिंतीवर, म्हणजे खाटेसमोर, मोरीसमोर, ओट्यासमोरही. देवाच्या नजरेआड चप्पल घालून वावरावं अशी जागाच तिथे नव्हती. अनुजाने दादरहून घरात घालायच्या मऊ चपला स्वतः आणून दिल्या होत्या, रस्ता न पाहिलेल्या. तरी काकांचं आपलं तेच, देवासमोर वहाण नको.

परळच्या एका हॉस्पिटलातून ती आठवड्यातून दोनदा पट्टी बदलायला यायची. चाळीस वर्षांची विडी आणि वीस वर्षांची साखर यांनी बुधाजींच्या पायांच्या रक्तवाहिन्या पार चोंदवून टाकल्या होत्या. डाव्या पायाची करंगळी गेल्या वर्षीच गेली. यंदा डॉक्टरांनी फुगा घालून रक्ताची वाट मोकळी केली, पण तळव्याची जखम काही भरेना. जखम झाली ती साडीच्या पिनेने. पिन तळव्यात घुसलेली आणि हे गृहस्थ दिवसभर घरात येरझारा घालत होते. संध्याकाळी बायकोला, रमाबाईंना, लादीवर रक्ताचे ठिपके दिसले, तेव्हा कळलं.

"तुमच्या पायाला काही लागलेलं कळत नाही, काका. सगळा घात त्यातच आहे," पट्टी सोडता सोडता अनुजा म्हणाली. "आणि पावलावर नाडी लागते त्या जागी मी पेनाने फुली केली होती, ती कुठे गेली?"

"आंघोळीला टाचा घासायच्या वजरीने घासली. शाई जाता जात नव्हती."

अनुजाने डोळे मिटून दहा आकडे मोजले. वजरीने! बावीस वर्षांच्या नोकरीत तिने शिव्या देणारे पेशंट पाहिले होते, पळून जाणारे पाहिले होते. पण हा माणूस प्रत्येक गोष्टीला मान डोलवायचा आणि मनातलंच करायचा. पालथ्या घड्यावर पाणी.

"डॉक्टर काय म्हणालेत, माहीत आहे ना? दीड महिन्यात जखम भरली नाही तर पाय घोट्याच्या वरून काढावा लागेल."

"हां," बुधाजी म्हणाले. त्याच क्षणी त्यांच्या खिशातून विड्यांचं बंडल लादीवर पडलं.

तिचा संयम सुटला. "माझं ऐकत नाही, डॉक्टरांचं ऐकत नाही. तुम्ही ऐकता तरी कुणाचं?"

बुधाजींनी निमूटपणे देव्हाऱ्यातल्या गणपतीकडे बोट केलं.

"मग त्यालाच बोला नवस! पाय वाचू दे म्हणावं. आमच्याने तर काही होत नाही."

ती वैतागून बोलली होती. पण पुढच्या खेपेला ती आली तर खोलीत विडीचा वास नव्हता. काकांच्या पायांत चपला होत्या. दिवा लागला होता, तरीही. रमाबाईंनी रोज रात्री आरसा धरून दोन्ही तळवे तपासायला सुरुवात केली होती. आणि बुधाजी बाहेरच्या गॅलरीत चालत होते. पोटरी धरली की कठड्याला टेकायचे, कळ गेली की पुढे. अगदी तिने शिकवलं होतं तसं. त्या दिवशी अकरा फेऱ्या झाल्या. महिन्याभरात पन्नास.

"नवस बोललात वाटतं?" तिने हसून विचारलं.

"बोललो."

"विडी सोडायचा?"

"नवस सांगायचा नसतो, सिस्टर."

तिने जास्त खोदलं नाही. गुण आला ना, बास. वॉर्डात सगळ्यांना ती सांगत सुटली, पेशंट वठणीवर येत नसेल तर देवाला मध्ये घाला. जखम कडेने गुलाबी झाली, आक्रसत आक्रसत वाटाण्याएवढी राहिली आणि मे महिन्यात एके दिवशी पूर्ण मिटली. पट्टी काढून टाकताना अनुजाला खरंच रडू आलं. एवढा छळ तिला कुणी केला नव्हता, आणि एवढा आनंदही.

मंगळवारी ती शेवटची तपासणी करायला आली, तेव्हा दुपारचे साडेबारा झाले होते. जिना चढून येईतो घामाने पाठ भिजली. घरात रमाबाई एकट्याच होत्या.

"काका कुठे?"

"नवस फेडूक गेले. साडेदहाक निघाले."

अनुजाने खोलीत विडीचा वास घेऊन पाहिला. "म्हणजे परत विडी सुरू?"

"नाय हो. विडी कित्याक आता? पाय ह्या कामासाठी धड रव्हाक होयो म्हणून तर इतके जपत होते."

"मग नवस काय होता?"

"आता सांगूक हरकत नाय." रमाबाईंनी देव्हाऱ्याकडे बघून हात जोडले. "पाय बरो झालो, तर लालबागपासून सिद्धिविनायकापर्यंत अनवाणी चालत येईन. तुम्ही काळजी करू नका, सिस्टर. आत्ताच वाटेतसून फोन इललो. रस्तो मरणाचो तापलोहा, लोक सावली बघून पळतत, पण ह्यांच्या पायाक चटको म्हणून लागणा नाय. देवाचीच कृपा."